नाव आणि पाणी : दख्खनी मत्स्यनामांचा इतिहास आणि मत्स्यपालन

१. विषयप्रवेश

मत्स्यालयात ठेवलेला मासा जगतो की मरतो, हे त्याच्या रंगावर किंवा किमतीवर अवलंबून नसते. ज्या पाण्यात त्याची जात घडली, त्या पाण्याशी टाकीतील पाणी कितपत जुळते यावर ते अवलंबून असते. पाणी वाहते की साचलेले, मऊ की जड, गार की उबदार. तळाशी दगड की वाळू की चिखल. मासा काय खातो, कोणत्या वेळी खातो आणि कोणाच्या सोबतीत राहतो, या सर्व गोष्टींची जुळणी व्हावी लागते. आज हे ज्ञान प्राणिशास्त्राच्या कक्षेतील समजले जाते. तथापि त्याचा एक मोठा भाग भाषेत, विशेषतः मासे धरणाऱ्या समाजांच्या बोलीत, फार पूर्वीपासून साठविलेला आहे, याकडे आपल्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे. दख्खनमध्ये माशाचे नाव आणि त्याचे पाणी यांचे ज्ञान एकत्र नांदत होते. एकोणिसाव्या शतकात शास्त्राने नावे उचलली. त्यांच्यामागचे पाणी मात्र बरेचसे जागच्या जागी राहिले. नाव आणि पाणी यांची ही फारकत पुढे माशांनाही भोवली व पाण्यालाही. ती भरून काढण्याचे काम जितके प्राणिशास्त्राचे, तितकेच भाषाशास्त्राचेही आहे. वर्धा जिल्ह्यासारख्या प्रदेशात ते आजही करता येण्याजोगे आहे.

२. मानसोल्लासातील मत्स्यविनोद

या ज्ञानाचा दख्खनमधील प्राचीन व विस्तृत लिखित पुरावा कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात सापडतो. ग्रंथात गणितासाठी शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ हे वर्ष योजिलेले असल्याने त्याचा काळ निश्चित करता येतो. पाच विंशती व शंभर अध्याय अशी त्याची रचना आहे. चौथ्या विंशतीत राजाच्या विनोदांचे वर्णन असून त्यात श्येनविनोद आणि मृगया यांच्या मध्ये मत्स्यविनोद येतो. मराठी भाषेच्या इतिहासकारांना हा ग्रंथ निराळ्या कारणाने परिचित आहे. याच विंशतीतील गीतविनोदात जुन्या मराठीचे जे नमुने आढळतात, त्यांत दशावतारांची स्तुती असून तिचा आरंभ मत्स्यावतारापासून होतो. मराठीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी एकात मासा यावा, आणि त्याच ग्रंथात माशांचे शास्त्रही यावे, हा योगायोग मनोरंजक आहे.

मत्स्यविनोदाचा हेतू मासे गळाला लावणे हा आहे. मासे पाळण्याचा नाही. परंतु गळ टाकण्यापूर्वी मासे एका ठिकाणी जमवावे लागतात, जमविण्यासाठी त्यांना नियमाने खाऊ घालावे लागते, आणि खाऊ घालण्यासाठी कोणता मासा काय खातो हे ठाऊक असावे लागते. म्हणून ग्रंथकार सुमारे पस्तीस जाती सांगतो आणि त्यांची वर्गवारी करतो. पहिला भेद पाण्याचा : समुद्रातील मासे आणि नदीतील मासे. दुसरा भेद अंगाचा : खवले असलेले आणि नुसती कातडी असलेले. तिसरा भेद आकाराचा : मोठे, मध्यम आणि लहान. त्यानंतर अन्नाचा विचार येतो. काही जातींना पेंडीचे व पिठाचे गोळे घालावेत, काहींना मांस, असे जातवार विधान आहे.

या वर्गीकरणातील क्रम अर्थपूर्ण आहे. ग्रंथकार पाण्यापासून आरंभ करतो व शरीराकडे नंतर वळतो. आधुनिक वर्गीकरण नेमके उलट चालते : ते काटे, खवले व दात मोजून जात ठरविते आणि अधिवासाची नोंद शेवटी जोडते. दोन्ही पद्धतींची प्रयोजने भिन्न असल्यामुळे एक खरी व दुसरी खोटी असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याला मासा जिवंत ठेवावयाचा आहे, त्याला बाराव्या शतकातील हाच क्रम उपयोगी पडतो. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी मासे निवडणारा मनुष्य आजही प्रथम पाणी पाहतो, मग अन्न, मग आकार. निदान त्याने तसे पाहावयास हवे.

३. साइक्सची नामावळी

यानंतर सुमारे सात शतकांनी दख्खनच्या माशांवर दुसरा महत्त्वाचा प्रबंध लिहिला गेला. विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हा मुंबई सेनेतील अधिकारी १८२४ पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तलेखक म्हणून दख्खनमध्ये हिंडला. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी इत्यादी नद्यांतील माशांचे त्याने केलेले वर्णन १८३८ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे वाचले गेले आणि पुढे तिच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. बंगालमध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ च्या गंगेतील माशांवरील ग्रंथात स्थानिक नावांना लॅटिन पेहराव चढविला होता. साइक्सने तोच मार्ग दख्खनमध्ये चोखाळला, आणि त्यामुळे मराठी शब्दांची एक लहानशी मालिका जागतिक शास्त्राच्या दप्तरात कायमची दाखल झाली.

खुद्री, कोळस, मुल्या, बोगट, नुक्ता, शिंगटी, गोग्रा, टाकरी ही त्यांपैकी काही नावे. साइक्सने त्यांना जोडलेली गणनामे पुढे अनेकदा बदलली. ज्याला त्याने 'बार्बस खुद्री' म्हटले तो आज 'टॉर खुद्री' आहे, आणि ज्याला 'सायप्रिनस नुक्ता' म्हटले तो 'शिस्मॅटोऱ्हिंकॉस नुक्ता' झाला आहे. नामकरणाच्या नियमांनुसार गण बदलला तरी जातिनाम टिकते. म्हणून लॅटिन भाग वाहून गेला आणि मराठी भाग तेवढा स्थिर राहिला, असे विलक्षण चित्र येथे दिसते.

भाषेच्या अभ्यासकास या नामावळीत दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवतात. पहिली गोष्ट लेखनाची. साइक्स इंग्रजी कानाने ऐकत होता व इंग्रजी वर्णविन्यासाने लिहीत होता. दीर्घ ई आणि ऊ त्याने दुहेरी स्वराक्षरांनी दाखविले, परंतु 'ल' व 'ळ', 'त' व 'ट', 'द' व 'ड' हे भेद रोमन अक्षरांत बुडाले. 'कोलस' लिहिलेल्याचे मूळ 'कोळस' असणार, हे मराठी भाषकास सहज सुचते. परंतु 'खुद्री' या लेखनामागे 'द' होता की 'ड', याचा निर्णय कागदावर होऊ शकत नाही. त्यासाठी नदीकाठीच जावे लागते. दुसरी गोष्ट अर्थाची. काही नावे अंगावरील खुणेवरून पडलेली आहेत. शिंगटीचा संबंध 'शिंग' या शब्दाशी उघड आहे; या माशाच्या पंखाचे टोकदार काटे ज्याच्या हाताला लागले असतील त्याला व्युत्पत्ती समजावून सांगण्याची गरज नाही. नुक्त्याच्या तोंडावर पुढे आलेला उंचवटा असतो. चोचीवर तसाच उंचवटा असलेल्या बदकाला हिंदीत 'नकटा' म्हणतात, हे लक्षात घेता दोन्ही नावांचे मूळ एक असावे असा तर्क करण्यास जागा आहे.

काही नावे मात्र खुणेच्या पलीकडे जाऊन वर्तन सांगतात. त्याचे उत्तम उदाहरण साइक्सच्या यादीत नसून विसाव्या शतकातील आहे. १९५२ मध्ये डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी कृष्णेच्या खोऱ्यातील एका लहान माशाचे वर्णन करताना त्याला 'नेओट्रोपिअस खवलचोर' असे नाव दिले. हा मासा इतर माशांच्या अंगावरील खवले ओरबाडून खातो. कोळ्यांनी त्याला खवल्यांचा चोर ठरविले होते, आणि शास्त्रज्ञाने तो निवाडा कायम केला. मत्स्यपालनाच्या दृष्टीने या एका शब्दात पूर्ण सूचना आहे : हा मासा खवले असलेल्या सोबत्यांबरोबर एका टाकीत ठेवू नये. नावात आहार आला, आहारात सोबतीचा नियम आला.

४. लंडनची काच आणि मुंबईची काच

ज्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे साइक्सचा निबंध वाचला गेला, तिनेच पंधरा वर्षांनी, १८५३ साली, लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यापूर्वी १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने बंद टाकीतील वनस्पती व प्राणी यांच्या परस्पर संतुलनाचा सिद्धांत मांडला होता. वनस्पती प्राणवायू देतील, मासे तो घेतील, आणि पाणी न बदलता चालेल, अशी ती कल्पना. फिलिप हेन्री गॉस याच्या १८५४ च्या पुस्तकाने हा छंद घरोघरी नेला.

या सिद्धांतात एक मोठी उणीव होती. माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया तयार होतो व तो विषारी असतो. त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे सूक्ष्म जंतू टाकीतील वाळूवर व गाळणीवर वाढावे लागतात, आणि त्यांस काही आठवडे लागतात. ही प्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाली. नवी टाकी आणून त्याच दिवशी तीत मासे सोडणारा मनुष्य आजही वॉरिंग्टनच्याच काळात वावरत असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठी प्रदेशात सार्वजनिक मत्स्यालयाचा अध्याय २७ मे १९५१ रोजी सुरू झाला. त्या दिवशी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. पारशी दाते डी. बी. तारापोरवाला यांची दोन लाख रुपयांची देणगी त्यामागे होती. नूतनीकरणानंतर ते २०१५ मध्ये पुन्हा खुले झाले व २०२० च्या साथीच्या काळात बंद झाले. या संस्थेच्या परिसरात वाढलेल्या अभ्यासाने स्थानिक माशांकडेही लक्ष दिले. येथील एक अधिकारी बी. एफ. छापगर यांनी एस. आर. साने यांच्यासह १९९२ मध्ये पश्चिम घाटाच्या पायथ्याच्या ओढ्यांतील एका लहान, देखण्या माशाचे वर्णन केले व मुंबई राज्याच्या मत्स्यखात्याचे संचालक राहिलेल्या डॉ. सेटना यांचे नाव त्यास दिले. परंतु घराघरांतील काचेच्या टाक्यांत स्थानिक मासे क्वचितच आले. तेथे चीनमध्ये जोपासलेला गोल्डफिश आला, ॲमेझॉनच्या खोऱ्यातील निऑन टेट्रा व डिस्कस आले, आफ्रिकेतील सरोवरांचे सिक्लिड आले. ते व्यापारी नावांनी आले. त्या नावांत त्यांच्या पाण्याची कोणतीही आठवण नव्हती.

५. वर्धा जिल्ह्याचे पाणी

या फारकतीचे परिणाम वर्धा जिल्ह्याच्या दाखल्याने पाहणे सोयीचे होईल. जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्ट खडकाचा व त्यापासून बनलेल्या काळ्या मातीचा आहे. अशा खडकातून मुरलेले विहिरीचे पाणी सामान्यतः जड व किंचित अल्कधर्मी असते. ॲमेझॉनच्या काही उपनद्यांचे पाणी याच्या अगदी उलट, म्हणजे अतिशय मऊ व आम्लधर्मी असते. तेथील डिस्कस वर्ध्याच्या विहिरीच्या पाण्यात ठेवणे म्हणजे त्याला परक्या मुलखात उपाशी ठेवण्यासारखेच आहे. उलट पूर्व आफ्रिकेच्या टांगानिका सरोवराचे पाणी जड व अल्कधर्मी असल्याने तेथील मासे या पाण्याशी जुळवून घेतात. आणखी एक धोका असा की, अमोनियाचा विषारी अंश अल्कधर्मी व उष्ण पाण्यात वाढतो. म्हणून मऊ पाण्यात खपून जाणारी अस्वच्छता येथे घातक ठरते.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा. येथील पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो. २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. पाणी तापते तसा माशाचा श्वास वाढतो आणि नेमका त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू घटतो. वर्धा, धाम, बोर, यशोदा यांसारख्या नद्यांचा प्रवाह उन्हाळ्यात क्षीण होऊन जागोजागी डोह तेवढे उरतात. या डोहांनी येथील माशांची जणू परीक्षाच घेतलेली आहे.

त्या परीक्षेची उत्तरे निरनिराळ्या जातींनी निरनिराळी दिली. मरळ व मांगूर हे मासे पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेऊ शकतात, म्हणून आटत्या डबक्यातही तग धरतात. अशा माशांच्या टाकीत पाण्यावर हवेची जागा हवी आणि वर घट्ट झाकण हवे. कारण दोघेही टाकीबाहेर पडण्यात पटाईत आहेत. वाम वाळूत अंग पुरून राहते. टोकदार खडी पसरलेल्या टाकीत तिची कातडी सोलवटते. शिंगटी रात्री हिंडते व मिशांनी अन्न चाचपते. तिला अंधार, आडोसा व मऊ तळ लागतो. मळ्या, म्हणजे साइक्सचा 'मुल्या', तोंडाखालच्या चकतीने दगडाला चिकटून शेवाळ खातो; त्याला खळाळते पाणी, गोटे आणि भरपूर प्राणवायू हवा, आणि साचलेल्या उष्ण टाकीत तो टिकाव धरत नाही. हे पाच मासे एका टाकीत सुखाने राहू शकत नाहीत, कारण ते एका नदीचे असले तरी एका पाण्याचे नाहीत.

येथे बोलीचे साहाय्य होते. 'डोह', 'धार', 'उथळ', 'डबके', 'झरा', 'नाला', 'बोडी' हे शब्द केवळ भूगोलाचे नाहीत. यांतील प्रत्येक शब्द पाण्याची खोली, गती, तळ आणि वर्षातील टिकाऊपणा यांचे एक निश्चित मिश्रण सांगतो. नदीकाठच्या भोई व ढिवर मंडळींनी अमुक मासा धारेचा व अमुक डोहाचा असे म्हटले, की मत्स्यपालनाच्या पुस्तकातील अर्धे पान त्यात आले.

६. फारकतीची दोन उदाहरणे

नाव पाण्यापासून सुटले म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे विचारात घेण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण खुद्रीचे. पुण्याजवळच्या नदीतून साइक्सने वर्णिलेला हा महसीर वर्गातील मासा. धरणे व प्रदूषण यांमुळे तो घटू लागला, तेव्हा लोणावळ्याजवळ टाटा विद्युत कंपन्यांच्या केंद्रात १९७० च्या दशकात त्याच्या कृत्रिम प्रजननाचे काम यशस्वी झाले. खवलचोराला नाव देणारे डॉ. कुलकर्णी हे या कामाच्या अग्रभागी होते. काम स्तुत्य होते व त्याने ही जात सावरण्यास मदत झाली. परंतु याच केंद्रातील बीज पुढील दशकांत कृष्णा खोऱ्याबाहेर, कावेरीतही सोडले गेले. कावेरीत तिचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महसीर होता. 'महसीर' या एका नावाखाली दोघे एकच समजले गेले. खुद्री कावेरीत फोफावली आणि मूळचा मासा मागे हटला. कुबड्या महसीर म्हणजे २००७ मध्ये पंबार नदीतून वर्णिलेली 'टॉर रेमादेवी' हीच जात होय, हे २०१८ साली सिद्ध झाले. त्याच वर्षी तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत करावी लागली. ज्या माशाला शास्त्रीय नाव मिळण्यास इतका विलंब झाला, तो नाव मिळेपर्यंत जवळजवळ संपत आला होता.

दुसरे उदाहरण मांगुराचे असून त्याची दिशा उलट आहे. पहिल्यात दोन माशांवर एक नाव पडल्याने एक मासा परक्या पाण्यात गेला. दुसऱ्यात परका मासा आपल्या नावाने आपल्या पाण्यात आला. आफ्रिकेतील एक मोठा, हावरा मासा 'थाई मांगूर' या नावाने भारतात पसरला. भारत सरकारने २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली, तरी महाराष्ट्रात त्याची चोरटी तळी वारंवार उद्ध्वस्त करावी लागली. बाजारात 'मांगूर' ही ओळख त्याच्या उपयोगी पडली. देशी मांगूर डबक्यातला संयमी रहिवासी. हा पाहुणा त्याच डबक्यातील इतर मासे फस्त करणारा. कंटाळा आला म्हणून घरच्या टाकीतील परके मासे नाल्यात सोडून देणारा मनुष्य लहान प्रमाणात हेच करीत असतो. टाकीत माशाला पाणी न जुळल्यास एक मासा मरतो. नदीत परक्या माशाला पाणी जुळले, तर तेथील अनेक मासे मरतात.

७. उपसंहार : करावयाचे काम

साइक्सच्या यादीतील नद्या कृष्णेच्या खोऱ्यातील आहेत. वर्धा नदी मुलताईच्या परिसरात उगम पावून वैनगंगेस मिळते व प्राणहितेच्या रूपाने गोदावरीला जाते. म्हणजे वर्ध्याचे खोरे निराळे, मासे काही समान व काही निराळे, आणि बोलीही निराळी. नुक्ता हा मासा मूळचा कृष्णा खोऱ्याचा. तेव्हा पुण्याकडील नावे पुस्तकातून घेऊन वर्ध्याच्या माशांवर चिकटविणे, ही खुद्रीच्या बाबतीत घडलेल्या प्रकाराची भाषिक आवृत्तीच ठरेल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे काम यातून सुचते. वर्धा, धाम, बोर व यशोदा यांच्या काठी जे वृद्ध भोई व ढिवर आजही पाण्यात उतरतात, त्यांच्याकडून प्रत्येक मत्स्यनाम त्यांच्या उच्चारात नोंदवावे; त्यात 'ल' व 'ळ', 'द' व 'ड' यांचा भेद कटाक्षाने राखावा. परंतु नुसते नाव नोंदवून थांबू नये. मासा कोणत्या ऋतूत, कोणत्या पाण्यात, कशा तळावर, काय खाताना व कोणाच्या सोबतीत सापडतो, हे सांगणाराच्याच शब्दांत लिहून घ्यावे. लहान पिल्लाला व मोठ्या माशाला वेगळी नावे आहेत काय, एकच नाव दोन जातींस लागते काय, हेही विचारावे. प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाने सोबत राहून जात निश्चित करावी. शब्दकोशातील 'एक प्रकारचा मासा' हा अर्थ ज्या दिवशी पुरेसा वाटेनासा होईल, त्या दिवशी हे काम सुरू झाले असे समजावे.

या कामास काळाची मर्यादा आहे. बांधाऱ्यांनी धारा अडल्या की 'धारेचा मासा' या शब्दप्रयोगाला विषय उरत नाही. आणि मासेमारी तलावातील कटला-रोहूपुरती उरली की नदीच्या बारीकसारीक माशांची नावे पुढच्या पिढीला सांगण्याचे प्रयोजन संपते. मासा नाहीसा होतो तेव्हा त्याची वार्ता होते. त्याचे नाव मात्र सहसा त्याच्याही आधी, कोणाच्या ध्यानात न येता, बोलण्यातून जाते. सोमेश्वराच्या ग्रंथाने बाराव्या शतकातील मासे पाण्यासह व अन्नासह नोंदविले, म्हणून नऊशे वर्षांनी त्यांचा विचार करता येतो. आपल्या नोंदी निदान तेवढ्या पूर्ण असाव्यात.